परदेशांतील बिऱ्हाड आणि जन्माचा दाखला

ज्या घरांतील एकही मुलगा, लेक, जांवई अथवा नातू अमेरिकेंत नाहीं, असें घर आमच्या वाचकवर्गांत आतां विरळाच सांपडेल. शिक्षणासाठीं गेलेला मुलगा नोकरींत स्थिरावतो, मग तेथील कायम वास्तव्याचा परवाना, ज्यास सर्वत्र ग्रीन कार्ड म्हणतात, तो मागूं लागतो. आणि पुढें तेथील नागरिक झाल्यावर वृद्ध मातापितरांस आपल्याजवळ बोलावूं इच्छितो. या प्रवासांत पदव्या, पगार व पारपत्र यांची चौकशी होणार हें सर्वांच्या ध्यानांत असतें. परंतु गाडी अडते ती पुष्कळदां एका पिवळ्या पडलेल्या कागदापाशीं, म्हणजे जन्माच्या दाखल्यापाशीं. या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

“मी समोर उभा आहें, मग जन्मलों याला पुरावा कशाला?” असें वडीलधारी मंडळी थट्टेनें विचारतात. सरकारास खरी जिज्ञासा असते ती जन्म कोणत्या दिवशीं, कोठें व कोणत्या आईबापांच्या पोटीं झाला याची. कारण अर्जाचा पायाच पुष्कळदां नातें हा असतो. मुलगा आईस बोलावतो तेव्हां प्रथम मुलाचाच दाखला पाहतात, आणि त्यावर आईचें नांव असावें लागतें. वडिलांसाठीं अर्ज असेल तर दोघांचीं नांवें, शिवाय त्यांच्या विवाहाचा पुरावा लागतो. भावानें बहिणीसाठीं अर्ज केल्यास दोघांचे दाखले शेजारीं ठेवून आईबापांपैकीं निदान एक तरी समाईक आहे हें दाखवावें लागतें.

आपल्या घरच्या चालीरीती आणि सरकारी दप्तर यांचें वांकडें येतें तें येथेंच. पहिलें बाळंतपण माहेरीं, म्हणून नोंद वडिलांच्या गांवीं नसून आजोळीं. पुण्यास शोधून दमावें आणि ती मिरजेस किंवा वाईस निघावी. बारसें बाराव्या दिवशीं, पण जन्माची वर्दी त्याआधींच गेलेली. म्हणून बाळाच्या नांवाचा रकाना रिकामा. मामानें वर्दी देतांना बहिणीचें माहेरचें नांव कमल असें सांगितलें, आणि सासरीं तर ती लग्नाच्या दिवसापासून वैजयंती! वडील दप्तरांत बंडोपंत, पारपत्रांत नारायण. घरांत यांत कोणालाच विसंगति दिसत नाहीं. सातासमुद्रांपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्यास मात्र या दोन निराळ्या स्त्रिया व दोन निराळे पुरुष वाटले, तर त्यास दोष कसा द्यावा?

तारखेचें प्रकरण याहून गमतीचें. शाळेंत घालतांना मास्तरांनीं सोयीची म्हणून १ जून टाकली, असे गृहस्थ आपल्या ओळखींत पुष्कळ असतील. दुसरीकडे पत्रिकेंतला वार सूर्योदयापासून धरतात. मंगळवारची रात्र सरतां सरतां, पहाटे तीन वाजतां जन्मलेलें मूल पत्रिकेप्रमाणें मंगळवारचें, इंग्रजी तारखेनें बुधवारचें. पत्रिका खोटी नाहीं आणि दाखलाही खोटा नाहीं. पण दोन कागदांवर दोन दिवस पडले कीं खुलासा द्यावा लागतो.

आतां कायद्याकडे वळूं. जन्म-मृत्यु नोंदणीचा सध्यांचा कायदा १९६९ चा असून बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून अंमलांत आला. तत्पूर्वीं नोंदणी सर्वत्र सारखी सक्तीची नव्हती. अमेरिकन सरकार ही तारीख जाणून आहे. त्यापूर्वीं जन्मलेल्यांस नगरपालिकेचा दाखला न मिळाल्यास शाळा सोडल्याचा दाखला, मॅट्रिकचें प्रमाणपत्र अशीं कागदपत्रें पुढें करतां येतात. त्यानंतर जन्मलेल्यांकडून मात्र अधिकृत दाखल्याचीच अपेक्षा असते. जुनी नोंद खेड्यांतील असेल तर तहसील कचेरींत, महसुली भाषेंत गांव नमुना १४ म्हणविलें जाणारें कोतवाल-बुक अवश्य पाहावें. तीं पुष्कळदां मोडींत असतात. तेव्हां मोडीचा जाणकार सोबत न्यावा.

शोध करूनही नोंद न सांपडल्यास निबंधकाकडून तसा लेखी दाखला घ्यावा. “नोंद उपलब्ध नाहीं” हा दाखला निरुपयोगी म्हणून कित्येक जण घेतच नाहींत, आणि पुढें त्याच्याच अभावीं अडतात. कारण मूळ नोंद नाहीं हें सिद्ध झाल्यावांचून दुय्यम पुराव्यास वजन येत नाहीं. दुय्यम पुरावाही नसेल तर दोघांचे प्रतिज्ञालेख, ज्यांस व्यवहारांत ॲफिडेव्हिट म्हणतात, ते द्यावे लागतात. हे दोघे अर्जांतील पक्षकार नसावेत. त्यांनीं आपलें नांव, पत्ता, जन्मतारीख व जन्मस्थळ, अर्जदाराशीं नातें, आणि मुख्य म्हणजे जन्माची माहिती आपणांस कशी, हें लिहावें. “मला ठाऊक आहे” एवढ्यानें भागत नाहीं. बाळंतपणाच्या वेळीं घरांत वावरलेल्या आत्याबाईंनीं आपण काय पाहिलें तें सांगितलें, तर त्या साक्षीला मोल आहे.

वर्ष उलटून गेलेली नोंदही करतां येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीं जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. परंतु चाळीस वर्षांनीं केलेल्या नोंदीकडे परदेशी अधिकारी साशंक नजरेनें पाहतो, म्हणून तिच्या जोडीस शाळेचे जुने दाखले ठेवावेत. मूळ नोंदींत चूक असेल तर निबंधक ती खोडीत नाहीं. पुराव्यावरून समासांत दुरुस्ती लिहून खालीं सही व तारीख घालतो. आमच्या मतें ही पद्धत फार शहाणपणाची आहे, कारण मूळ लेख कोणासही वाचतां येतो.

दाखला केवळ मराठींत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावें, व भाषांतर पूर्ण आणि अचूक असून आपण तें करण्यास समर्थ आहों असें भाषांतरकारानें लिहून सही करावी. घरांतील इंग्रजीच्या प्राध्यापकांचा मान राखूनही तें काम परक्याकडून करून घेणें बरें. सोबत मूळ मराठी दाखल्याची प्रत हवीच.

कागद अपुरे वाटल्यास अमेरिकन कचेरी पुरावा मागते, आणि त्यास जास्तींत जास्त चौऱ्याऐंशीं दिवस मिळतात. येथें गणपतीची सुटी, तेथें टपालाचा विलंब, यांत ते कधीं सरतात कळत नाहीं. अशा घाईंतच कोणीतरी “कचेरींत आपला माणूस आहे, हवा तसा दाखला आणून देतो” असें म्हणतो. या माणसास उंबऱ्याबाहेरच ठेवावें. खोटा कागद दिल्याचें आढळल्यास केवळ तो अर्ज बुडत नाहीं. अमेरिकेचें दार त्या व्यक्तीस जन्मभर बंद होऊं शकतें, आणि सवलत मिळणें फार कठीण असतें.

नव्या नातवंडांविषयीं दोन शब्द. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं वा त्यानंतर भारतांत जन्मलेल्यांच्या बाबतींत शाळाप्रवेश व पारपत्र यांसाठीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. वर्दी एकवीस दिवसांच्या आंत द्यावी. नांवाचा रकाना रिकामा राहिला असेल तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, व त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नांव घालतां येतें. तें घालतांना सुनेचें नांव तिच्या पारपत्रावर जसें आहे अगदीं तसेंच लिहिलें आहे ना, तें अक्षर लावून पाहावें.