रोप आमचे, पिशवी कुणाची?



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की लोणी काळभोर, उरुळी कांचन करीत दौंड तालुक्यात यवतपर्यंत रस्त्याकडेला रोपवाटिकाच रोपवाटिका. पावसाचे ढग दिसले की आपले टेंपो तिथे उभे राहतात. आंबा, सीताफळ, लिंबू, शेवगा, जे पाहिजे ते मिळते, आणि मिळते ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. रोपाचा भाव आपण घासून करतो. पिशवीबद्दल कुणी तोंड उघडत नाही, कारण ती फुकट आली असे वाटते.

फुकट काय पडते ते सांगतो. पाबळच्या बाजूला माझे दोन एकर मुरमाड रान आहे. ज्वारी कधी पदरात पडते, कधी नुसता कडबा. 2016 साली त्यात सीताफळाची पावणेचारशे रोपे लावली. रोपे देणाऱ्याने सांगितले, पिशवी तळाला चिरा आणि तशीच खड्ड्यात ठेवा, म्हणजे हुंडी फुटणार नाही. आम्ही तसेच केले. दोन वर्षे झाडे हिरवी दिसली. 2018 च्या दुष्काळात एकेक करून वाळू लागली. टँकरचे पाणी घातले, तरी गेली. शेवटी एक झाड खणले, तर मुळे पिशवीच्या आत सुतळीच्या गुंड्यासारखी गोल फिरलेली. मुरमात एक वीतसुद्धा उतरली नव्हती. कोरडवाहू झाडाचे सगळे भांडवल म्हणजे खाली गेलेले मूळ, आणि तेच दोन वर्षे पिशवीच्या कैदेत होते.

चूक माझी होती, पिशवी पूर्ण फाडून काढायला हवी होती. पण काढली तरी ती जाते कुठे? बांधावर, ओढ्यात, नाहीतर गाईच्या पोटात. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्राच्या कोरडवाहू रानात किती पिशव्या पुरल्या गेल्या असतील याचा हिशेब कुठल्या खात्याकडे असेल असे वाटत नाही.

सरकारची तऱ्हा पाहा. 23 मार्च 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. तिच्यात रोपवाटिका आणि शेतीला जी सूट आहे, ती कुजणाऱ्या पिशवीला, आणि पिशवीवर तसा छापही पाहिजे. त्याच वर्षी जुलैत त्याच सरकारने तेरा कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी तेहतीस कोटींचा. ती रोपे खड्ड्यांपर्यंत कशात आली, हे खड्डे खणणाऱ्या प्रत्येक मजुराने पाहिले आहे. बाजारात भाजीवालीच्या पिशव्या तेवढ्या जप्त झाल्या.

आता पर्याय म्हणून काथ्याच्या, शेणाच्या, कागदाच्या लगद्याच्या कुंड्या पुढे येत आहेत. कल्पना चांगली आहे आणि नवी तर मुळीच नाही. पळसाच्या द्रोणात वेलाचे रोप वाढवून द्रोणासकट आळ्यात ठेवणारी म्हातारी माणसे आपण पाहिली आहेत. अशा कुंडीत मूळ कडेला पोचले की आरपार निघते, गोल फिरत बसत नाही. लावताना हुंडी फुटायची भीती नाही.

पण जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टीही ऐकून ठेवा. कुजायला ओल लागते. आपल्या रानात ओलच नसते, तेव्हा बागायतदाराकडे लवकर विरघळणारी कुंडी मुरमात तशीच पडून राहील. तिची कड मातीच्या वर राहिली तर दिव्याच्या वातीसारखी ओल ओढून वाऱ्यावर सोडते. म्हणून कड मोडून काढावी, बुडाला दोन चिरा द्याव्या आणि कुंडी भिजवून पूर्ण मातीखाली गाडावी. रोपवाटिकेत या कुंड्या लवकर सुकतात, पाणी जास्त वेळा घालावे लागते. शेणाची कुंडी वळवाच्या एका सरीत मऊ पडते आणि आपल्या रस्त्यावर टेंपोत फुटते. आणखी एक. ‘कंपोस्टेबल’ म्हणून मक्याच्या पिठापासून केलेले जे प्लास्टिक विकतात, त्यातले पुष्कळसे कारखान्यातल्या खताच्या ढिगाची उष्णता मिळाल्याशिवाय कुजत नाही. शेतात ते प्लास्टिकच.

खरा प्रश्न पैशाचा आहे. काळी पिशवी पैशात पडते, काथ्याची कुंडी रुपयांत. उद्या बंदी कडक झाली तर रोपवाटिकावाला फरक रोपाच्या भावात घालणार आणि पर्यावरणाचे बिल ज्वारीवाल्याच्या नावाने फाटणार. प्लास्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली आहे. पिशवी करणारा गावातून पिशव्या गोळा करायला आलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

माझे म्हणणे असे, की कुंडी आपल्याच मालाची होऊ द्या आणि त्या मालाला भाव मिळू द्या. कडबा नको, तो जनावराच्या तोंडचा घास आहे. पण पऱ्हाटी? 2017 ला गुलाबी बोंडअळीने कापूसवाल्याला धुतले, तेव्हापासून वेचणी संपताच पऱ्हाटी उपटा, रानात ठेवू नका, असा सल्ला दरसाल मिळतो. आपण ती उपटतो आणि पेटवतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या भुश्श्यापासून पाट्या बनवण्याचे तंत्र केव्हाच बसवले आहे. भुसा दाबून पाटी होते तर रोपाची कुंडी का होऊ नये, आणि ती गावातल्या बायकांच्या गटाने का करू नये? पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून खेड्यातली पोरे हाताने यंत्रे बनवायला शिकतात. साचा बनवणे त्यांना अवघड जाऊ नये. याला अनुदान मागू नका, अनुदानाची कुंडी अनुदान संपले की फुटते. वनखाते आणि सामाजिक वनीकरण दरसाल रोपे तयार करतात. त्यांनी आपलाच कायदा पाळून अशा कुंड्या रोख भावाने विकत घ्याव्या, एवढे मागा.

जिल्हा बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांची फळझाडे चार-पाच वर्षांची होऊन वाळली, त्यांनी येण्याआधी एखादे खणून पाहावे आणि मूळ सोबत आणावे. पिशवीसकट निघाले तर पिशवीसकट आणा.