कंपनी आपली, मग हिशेब कोण मागणार?



एकाधिकार खरेदीत आपला कापूस सरकारच्या हाती गेला. सहकारी सूतगिरणीत शेअरचे पैसे आपले आणि खुर्ची पुढाऱ्याची. आता शेतकरी उत्पादक कंपनी आली आहे. ही तरी आपली राहणार, की नुसती पाटीच बदलणार? आमचे म्हणणे असे, की याचे उत्तर मुंबई-दिल्लीत नाही. ते आपण निवडून दिलेल्या संचालक मंडळात आहे.

डॉ. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००३ मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. कायदा चांगला आहे. शेअर दहा असोत की हजार, एका शेतकऱ्याला एकच मत. संचालक ५ ते १५. दर तीन महिन्यांनी बैठक. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ हवा आणि तो सभासदांबाहेरचा हवा. २०२० मध्ये केंद्राने १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली, तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत मदत ठेवली. खरी परीक्षा ही मदत संपल्यावर सुरू होते.

पहिली वर्षे संचालकच हमाल आणि संचालकच मुनीम. काट्यावर तोच उभा, बँकेत सही त्याचीच. त्यात चूक काहीच नाही. लहान कंपनी अशीच उभी राहते. पण गोऱ्ह्याचा बैल झाला, की त्याच्या मानेवर जू द्यावे लागते. कंपनी वाढल्यावरही अध्यक्षच माल तोलणार, भाव ठरवणार आणि पावती फाडणार असेल, तर त्याचा हिशेब तपासणार कोण?

उदाहरण घ्या. एका क्विंटल कापसात ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ, म्हणजे सुमारे पाच क्विंटल कापूस. गाठी आज विकायच्या, की भाव चढेल म्हणून ठेवायच्या? ठेवल्या तर बँकेचे व्याज चालू. भाव पडला तर तोटा प्रत्येक सभासदाचा. असा निर्णय एका माणसाच्या अंदाजावर सोडणे हा जुगार आहे. किती गाठी ठेवायच्या, किती दिवस, किती तोट्यापर्यंत, हे मंडळाने आधी लिहून ठरवावे. त्या मर्यादेत व्यवस्थापकाने विक्री करावी आणि मंडळाने त्याला जाब विचारावा. ज्वारीच्या साठ्यालाही हाच नियम.

कायद्याने एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक घेता येतात. हिशेब जाणणारा, जिनिंग जाणणारा माणूस जरूर घ्या. पुतण्याला तज्ज्ञ म्हणू नका. संचालकाला किंवा त्याच्या नातलगाला कर्ज द्यायचे तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, हेही विसरू नका.

दोष फक्त संचालकांचा नाही. सभेला आपण जात नाही आणि व्यापाऱ्याने क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त दाखवले, की कंपनीकडे पाठ फिरवतो. मग कंपनी बुडाली म्हणून ओरडायचे कोणत्या तोंडाने?

येत्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारा. बैठका किती झाल्या? माल कोणी, कोणत्या भावाने विकला? अनुदान वगळले तर नफा किती? हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. तो मालकाचा हक्क आहे, आणि मालक आपण आहोत.