गोष्ट कुणाची, पुस्तक कुणाचं?

सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा मी आयरिश लोककथांच्या जुन्या सचित्र पुस्तकांबद्दल वाचत बसतो. म्हणून आमच्या विंगमध्ये माझं नाव पडलंय 'परीवाला'. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी सांभाळून घ्या!

खरं जुनं पुस्तक माझ्याकडे एकही नाही. आहे ते जोसेफ जेकब्जच्या 'केल्टिक फेअरी टेल्स'चं, फुटपाथवर घेतलेलं स्वस्त पुनर्मुद्रण. मूळ पुस्तक १८९२ चं, चित्रं जॉन बॅटनची. संग्राहकांचा जीव मात्र अडकलेला असतो जेम्स स्टीफन्सच्या 'आयरिश फेअरी टेल्स'मध्ये. १९२० सालचं हे पुस्तक, त्यात आर्थर रॅकहॅमची १६ रंगीत चित्रं. काही विक्रेते अशी पुस्तकं चक्क सुटी करतात आणि एकेक चित्र फ्रेम करून विकतात. चित्र भिंतीवर आणि गोष्ट रद्दीत! मला हे अजिबात पटत नाही.

पण गोष्टी हरवायची सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. ही देखणी पुस्तकं इंग्रजीत आहेत. गोष्टी सांगणाऱ्या कितीतरी जणांची भाषा होती आयरिश. एकोणिसाव्या शतकात तिथे मुलगा आयरिश बोलला की त्याच्या गळ्यातल्या काठीवर खाच पाडत आणि शाळेत खाचा मोजून मार देत. हे वाचलं आणि मला माझी शाळा आठवली. आमच्याकडे मराठी बोललं की एक रुपया दंड! सवय अशी लागली की घरी आजीने गोष्ट सुरू केली की मी म्हणायचो, "आजी, बोअर नको ना करू." आजी गेल्या वर्षी गेली. तिची राक्षसाची गोष्ट मला निम्मीच आठवते.

स्वतंत्र आयर्लंडने १९३५ मध्ये लोककथा गोळा करायला आयोग नेमला. १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी पोरांना घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं. त्या वह्या आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. रॅकहॅमचं एकही चित्र नाही त्यात, तरी माझ्या मते सगळ्यात भारी संग्रह तोच!

जुनी पुस्तकं जरूर जमवा, फक्त फाडू नका. आणि मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की आजीसमोर मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून बसा. निम्मी गोष्ट घेऊन बसायची पाळी तुमच्यावर येऊ नये, एवढंच.