नुसते ‘ताठ उभी राहा’ म्हणून पाठ ताठ होत नाही



जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत लेझीमचा आवाज घुमू लागतो. शाळेचे स्नेहसंमेलन ठरले की विहाराच्या हॉलमध्ये, गच्चीवर, चाळीच्या पटांगणात मुलामुलींची समूहनृत्ये बसू लागतात. काही घरांतल्या मुली भरतनाट्यम आणि कथकच्या वर्गालाही जातात. फी, घुंगरू, साडी यांचा खर्च आईबाप पोटाला चिमटा काढून भागवतात. आणि मग वर्गातून निरोप येतो, “तुमच्या मुलीला पोक आहे. तिला ताठ उभे राहायला सांगा.” आई भाकरी थापता थापता ओरडते, बाप जेवताना ओरडतो, भाऊ चेष्टा करतो. पोरगी दोन मिनिटे ताठ राहते आणि पुन्हा वाकते. ती ऐकतच नाही असे घरात सगळ्यांना वाटते.

या पोरीची बाजू मांडावी म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे. ताठपणा हुकुमाने येत नाही. पाठीच्या वरच्या भागातले स्नायू बळकट असले की तो आपोआप येतो, आणि हे बळ घरच्या घरी, जवळजवळ काहीही खर्च न करता कमावता येते.

पाठीचा वरचा भाग म्हणजे काय?

आपल्या कण्यात मानेचे ७ मणके, त्याखाली छातीच्या मागचे १२ आणि कमरेचे ५ मणके असतात. छातीमागच्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. हा भाग मुळातच थोडा मागे फुगलेला असतो. तेवढा बाक निसर्गाने दिलेला आहे, त्याची काळजी नको. तो वाढला की त्याला आपण पोक म्हणतो.

याच भागावर दोन्ही बाजूंना चपटी त्रिकोणी हाडे असतात. त्यांना आपल्याकडे फरे म्हणतात. गंमत अशी की हा फरा छातीच्या सांगाड्याशी फक्त गळ्याखालच्या आडव्या हाडामार्फत जोडलेला असतो. बाकी सगळा तो स्नायूंच्या आधारावर तरंगत असतो. आपण हात पूर्ण वर नेतो तेव्हा साधारण दोन वाटे हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि एक वाटा फऱ्याची असते. म्हणजे फऱ्याला धरून ठेवणारे स्नायू दुबळे असले, तर हात कितीही सुंदर असो, तो नीट उचलला जाणार नाही.

या स्नायूंतला मोठा स्नायू पतंगाच्या आकाराचा असतो. डोक्याच्या मागून तो सुरू होतो, दोन्ही खांद्यांकडे पसरतो आणि पाठीच्या मध्याखाली निमुळता होतो. त्याचा वरचा भाग खांदे कानांकडे ओढतो, तर मधला आणि खालचा भाग फरे मागे-खाली धरून ठेवतो. आपल्या रोजच्या जगण्यात वरचा भाग सतत ताणलेला आणि खालचा भाग झोपलेला, अशी अवस्था असते. कपडे धुणे, भांडी घासणे, जमिनीवर वही ठेवून लिहिणे, मोबाइल पाहणे, ही सगळी कामे हात पुढे घेऊन आणि मान वाकवून होतात. त्यामुळे छातीचे स्नायू आखडतात आणि पाठीचे सैल पडतात. मग ओरडून काय होणार?

नाचात त्याचा परिणाम कुठे दिसतो?

भरतनाट्यममध्ये अर्धे बसून हात खांद्याच्या रेषेत धरायचे असतात आणि कोपर पडू द्यायचे नसतात. पाठ थकली की आधी कोपर पडते. ते सावरायला मुलगी खांदे वर उचलते आणि घरी आल्यावर “मान दुखते” म्हणते. कथकमध्ये चक्कर घेताना डोके, छाती आणि कंबर एका रेषेत नसेल तर तोल जातो. लेझीममध्ये वाकणे आणि उठणे सारखे चालू असते. वरची पाठ गोल ठेवून वाकणाऱ्या मुलाचा सगळा भार कमरेवर येतो. लावणीत कमरेची आणि मानेची अदा पाहणाऱ्याला दिसते, पण मधली पाठ स्थिर असेल तरच ती खुलते.

येथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तमाशाच्या फडातून नाचणाऱ्या आपल्या कितीतरी मायभगिनींनी पायांत घुंगरांचे ओझे आणि अंगावर नऊवारी घेऊन रात्ररात्र उभ्याने काढली. सकाळी बिऱ्हाड ट्रकमध्ये आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी. त्यांच्या पाठीची चौकशी कुणी केली नाही. आज आपली लेक स्वतःच्या आवडीने नाच शिकते आहे. तिच्या पाठीची चौकशी तरी आपण करू या.

आधी तपासून पाहा

भिंतीला पाठ लावून उभे राहायला सांगा. टाचा भिंतीपासून दोन-तीन बोटे पुढे. कुल्ले आणि वरची पाठ भिंतीला टेकू द्या. हनुवटी वर न उचलता डोके भिंतीला लागते का, ते पाहा. कमरेमागे तळहात सरकेल एवढी पोकळी असावी. मूठ सहज जात असेल तर कंबर जास्त आत गेली आहे असे समजावे.

नंतर चटईवर उताणे झोपवा. झोपल्यावर पोक दिसेनासे झाले तर ते सवयीचे आणि दुबळ्या स्नायूंचे आहे, व्यायामाने सुधारेल. झोपल्यावरही पाठ ताठर गोलच राहत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तिसरी तपासणी आईने करावी. मुलीला पाय जुळवून, हात लोंबते सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, किंवा उभी असताना एक खांदा वर, एक खाली दिसला, तर कणा बाजूला वळलेला असू शकतो. हा दोष वाढीच्या वयात दिसू लागतो आणि मुलींमध्ये तो वाढण्याचा धोका अधिक असतो. तो घरच्या व्यायामावर सोडून देऊ नये. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात दाखवावे. लवकर लक्षात आला तर उपाय सोपे असतात.

घरी करायचे सहा व्यायाम

सुरुवातीला पाच मिनिटे हातपाय हलवून, जागच्या जागी चालून अंग गरम करावे.

१) दारात छाती उघडणे : दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरांपासून हात टेकवा. एक पाय पुढे टाकून छाती हळूच पुढे न्या. ३० सेकंद थांबा. दोन-तीन वेळा करा. ताण छातीत जाणवला पाहिजे, खांद्याच्या सांध्यात दुखता कामा नये.

२) गुंडाळीवर पाठ : जाड टॉवेल किंवा चादर घट्ट गुंडाळा. उताणे झोपून ती फऱ्यांच्या खालच्या टोकाशी आडवी येईल अशी ठेवा. हातांनी डोक्याला आधार द्या आणि गुडघे वाकवून मिनिटभर शांत श्वास घ्या. गुंडाळी कमरेखाली घेऊ नका.

३) भिंतीवर हात सरकवणे : वर सांगितल्याप्रमाणे भिंतीला पाठ लावा. कोपरे वाकवून हात निवडुंगाच्या फांद्यांसारखे धरा. हात भिंतीला लावून जमेल तेवढे वर सरकवा आणि खाली आणा. ८ ते १० वेळा. हात वर जाताना कंबर भिंतीपासून सुटू लागली तर तेथेच थांबा.

४) पालथे झोपून हात उचलणे : कपाळाखाली घडी घातलेला पंचा ठेवा. हात दोन्ही बाजूंना पसरा, अंगठे छताकडे. फरे एकमेकांकडे आणि कमरेकडे सरकवत हात दोन-तीन इंच उचला. तीन अंक मोजा आणि खाली ठेवा. ८ वेळा. नंतर हात तिरके पुढे घेऊन पुन्हा ८ वेळा. डोके उचलू नका. हा व्यायाम दिसायला सोपा आहे, पण पाठीच्या झोपलेल्या स्नायूंना हाच जागे करतो.

५) ट्यूब ओढणे : सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या मजबूत गजाला अडकवा. दोन्ही टोके हातांत धरून कोपरे अंगाला घासत मागे ओढा आणि सावकाश सोडा. १० ते १२ वेळा. ट्यूबला चिरा पडलेल्या नाहीत आणि गज हलत नाही, याची आधी खात्री करून घ्या. ट्यूब सुटली तर तोंडावर बसते.

६) भिंतीवर जोर : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून भिंतीवर जोर काढा. हात सरळ झाल्यावर भिंत आणखी थोडी ढकला, म्हणजे फरे बरगड्यांना चिकटून पुढे सरकतील. १० वेळा. ज्या मुलींचे फरे पंखांसारखे बाहेर दिसतात त्यांना याचा विशेष उपयोग होतो.

पहिले दोन व्यायाम रोज केले तरी चालतात. बाकीचे चार एक दिवसाआड, आठवड्यातून तीन दिवस करावेत, कारण स्नायू विश्रांतीच्या दिवशी बळावतो. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पहिले दोन आठवडे एक फेरी, मग दोन फेऱ्या. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात घाईने सुरू केल्यास अंग दुखेल, दुसरे काही साधणार नाही.

‘छाती पुढे काढ’ म्हणू नका

नाच बसवणाऱ्या ताई-दादांना आमची एक विनंती आहे. ‘छाती पुढे काढ’ असे सांगितले की मूल बरगड्या पुढे काढते आणि कंबर आत घेते. पाठ तशीच दुबळी राहते आणि नवे कंबरेचे दुखणे सुरू होते. त्याऐवजी असे सांगा : “डोक्यावर भरलेला हंडा आहे असे समज. मान लांब कर, खांदे कानांपासून दूर ने, आणि पोट हलकेच आत घे.” हंडा वाहिलेली आई घरोघर असल्याने मुलांना ते चटकन कळते. सरावात दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे हात खाली सोडून विसावा द्या. मोठा आरसा नसेल तर दोघींची जोडी लावा, एकीने नाचावे आणि दुसरीने पाठ पाहावी.

घरातल्या चार गोष्टी

जमिनीवर वाकून अभ्यास करण्याऐवजी वही चौरंगावर किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवावी. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यावे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार त्याचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, म्हणजे ३० किलोच्या मुलीला ३ किलो. पाणी आणायचे तर एका हातात मोठी बादली घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान बऱ्या. मोबाइल मांडीवर न ठेवता डोळ्यांसमोर धरावा.

रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, हातात मुंग्या किंवा बधिरपणा, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, किंवा पाठदुखीबरोबर ताप असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठावा. मालिशवाल्याकडे जाऊ नये.

जे मुली बोलत नाहीत

शेवटी आयांसाठी दोन शब्द. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत ताठ धावणारी, नाचणारी मुलगी एकाएकी खांदे पुढे घेऊन चालू लागते. पुष्कळदा त्याचे कारण स्नायूंत नसते. अंग बदलू लागलेले असते आणि ते लपवावे असे तिला वाटत असते. कुणीतरी रस्त्यात काही बोललेले असते, एखाद्या नातेवाइकाने हसण्यावारी नेलेले असते. अशा मुलीला ‘ताठ चाल’ म्हटले की ती आणखी आक्रसते, आणि काही मुली तर नाचाचा वर्गच सोडतात. सोडण्याचे कारण त्या सांगत नाहीत.

आईने किंवा मोठ्या बहिणीने तिला जवळ घेऊन बोलावे. योग्य मापाचा, सरावात आधार देणारा आतला कपडा घेऊन द्यावा. नाचाच्या पोशाखाचे माप घेताना तिला काय नको वाटते ते विचारावे आणि शिवणाऱ्या ताईला तसे सांगावे. घरातल्या पुरुषांनी तिच्या अंगावरून चेष्टा करू नये, दुसऱ्यालाही करू देऊ नये. आणि व्यायामाच्या वेळी आईनेही तिच्या शेजारी चटई टाकावी. दिवसभर दुसऱ्यांची धुणीभांडी करून आईची पाठही वाकलेलीच असते. वरचे व्यायाम तिलाही लागू पडतात. दोघी मिळून केले तर पोरीला ते शिक्षा वाटणार नाही, आणि तिच्या मनातले बोलायला तिला रोज पंधरा मिनिटे मिळतील.