विश्लेषण : जुनी चित्रफीत वाचवायला प्रोग्रॅमर कशाला हवा?

लग्नाची व्हीएचएस कॅसेट असो, दूरदर्शनवरची जुनी मुलाखत असो की सिनेमाची रिळे, ‘डिजिटल करून घेतले’ म्हटले की आपल्याला वाटते काम संपले. खरे काम तिथून सुरू होते. डिजिटल फाइल पन्नास वर्षांनीही उघडेल का, आणि उघडली तर ती मूळ प्रतीशी जुळेल का, याचे उत्तर एकट्या अभिलेखपालाकडे नाही आणि एकट्या प्रोग्रॅमरकडेही नाही. गेल्या पंधराएक वर्षांत या दोघांनी एकत्र येऊन काय केले आणि आपण त्यातून काय घ्यायचे, हे समजून घेऊ.

घाई कशाची आहे?

चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते. फितीवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेत खराब होतो, फीत चिकटते, तिच्यावर बुरशी धरते. कोकणात किंवा मुंबईत चार-पाच पावसाळे कपाटात काढलेली कॅसेट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फीत टिकली तरी ती चालवायचे यंत्र कुठून आणणार? व्हीसीआर बनवणारी जपानमधील शेवटची कंपनी फुनाई हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. सुटे भाग संपत आहेत आणि यंत्र दुरुस्त करणारे हातही कमी होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की फितीवरचे जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुतांशी गेल्यात जमा आहे. ती मुदतही आता उलटली.

मग सरळ एमपी-४ करून ठेवले तर?

घरी पाहण्यासाठी ते चालते. जतनासाठी चालत नाही. फोनमधला व्हिडीओ लहान राहतो, कारण डोळ्याला जाणवणार नाही असा तपशील त्यातून काढून टाकलेला असतो. याला ‘लॉसी’ कॉम्प्रेशन म्हणतात. एकच व्हिडीओ व्हॉट्सॲपवर चार वेळा फिरला की चेहरे का पुसट होतात, ते यामुळेच. गेलेला तपशील परत आणता येत नाही.

दुसरे टोक म्हणजे काहीही न वगळता सगळे साठवणे. साध्या टीव्ही दर्जाचा दहा बिटचा व्हिडीओ असा ठेवला तर एका तासाला सुमारे १०० जीबी जागा लागते. सिनेमाची फिल्म २-के दर्जात स्कॅन केली तर तासाला एक टीबीच्या वर. हजारो तासांचा साठा असलेल्या संस्थेला हे परवडत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे ‘लॉसलेस’. फाइल लहान होते, पण उघडल्यावर एकही बिट बदललेला नसतो, अगदी झिप फाइलसारखे. अडचण अशी होती, की यातले अनेक पर्याय महागडे, एखाद्याच कंपनीच्या ताब्यातले किंवा अतिशय संथ होते. कंपनी बंद पडली किंवा तिने परवान्याच्या अटी बदलल्या, तर साठा अडकलाच.

प्रोग्रॅमरांचे उत्तर कोणते?

उत्तर आधीच तयार होते, पण दुसऱ्याच कामासाठी. ‘एफएफएमपेग’ हा व्हिडीओ हाताळणारा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प २००० पासून सुरू आहे. व्हीएलसी प्लेअर त्याच्याच कोडवर उभा आहे. या प्रकल्पातील मायकेल नीडरमायर यांनी २००३ मध्ये ‘एफएफव्ही-१’ हा लॉसलेस कोडेक लिहिला. संग्रहालये तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हती. व्हिएन्नाची ऑस्ट्रियन मीडियाथेक ही तो जतनासाठी गांभीर्याने वापरणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांपैकी एक.

इथून खरे सहकार्य सुरू झाले. अभिलेखपालांचा प्रश्न साधा होता : दहा वर्षांनी फाइलमधला एखादा बिट उलटला, तर आम्हाला कळणार कसे? त्यावर कोडेकच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक चित्राचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र चेकसम देण्याची सोय झाली. चेकसम म्हणजे माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा. आता बिघाड झाला तर कोणत्या फ्रेमच्या कोणत्या भागात झाला ते सापडते आणि बाकीचे चित्र शाबूत राहते. सिनेमे डाऊनलोड करणाऱ्यांना ‘एमकेव्ही’ म्हणून ठाऊक असलेला मात्रोस्का हा फाइल प्रकार या कोडेकचा जोडीदार झाला.

हे प्रमाणित कोणी केले?

‘कोणी तरी इंटरनेटवर लिहिलेला कोडेक’ एवढ्या भरवशावर सरकारी संस्था साठा सोपवत नाहीत. युरोपीय संघाच्या पैशातून २०१४ ते २०१७ दरम्यान ‘प्रिफॉर्मा’ हा प्रकल्प झाला. फाइल प्रमाणाबरहुकूम आहे की नाही हे तपासणारे ‘मीडियाकाँच’ हे साधन त्यातून आले. पण तपासायचे तर आधी लेखी प्रमाण हवे. म्हणून इंटरनेटची तांत्रिक प्रमाणे ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ‘सेलर’ नावाचा कार्यगट स्थापन झाला. बर्लिनमध्ये २०१६ मध्ये ‘नो टाइम टू वेट’ ही परिषद सुरू झाली. तिथे अभिलेखपाल आणि कोड लिहिणारे एकाच खोलीत बसू लागले.

एफएफव्ही-१ चे प्रमाण ऑगस्ट २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यावर तीन नावे आहेत : नीडरमायर, मीडियाकाँच बनवणाऱ्या संस्थेचे जेरोम मार्तिनेझ आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील दृक्‌श्राव्य अभिलेखपाल डेव्ह राईस. तांत्रिक प्रमाणाच्या लेखकांत एक अभिलेखपाल असणे ही लहान गोष्ट नाही. मात्रोस्काचे प्रमाण २०२४ मध्ये आले.

शिकणे एकाच बाजूने झाले का?

नाही. एफएफएमपेग चालवायचे तर काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा टाइप कराव्या लागतात. त्या अभिलेखपालांना समजतील अशा भाषेत मांडणारी ‘एफएफएमप्रोव्हाइजर’ ही पाककृतींच्या वहीसारखी मार्गदर्शिका अभिलेखपालांनीच तयार केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरिया व्हिडीओ कोअ‍ॅलिशनने ‘क्यूसी-टूल्स’ बनवले. फितीतला दोष कोणत्या फ्रेमला आहे ते हे साधन आलेखावर दाखवते, त्यामुळे प्रत्येक तास डोळ्यांत तेल घालून पाहावा लागत नाही. प्रोग्रॅमरांना मात्र कळले, की फितीवरची रंगपट्टी, कडेची रेघ किंवा मागच्या रेकॉर्डिंगचा उरलेला तुकडा हा ‘कचरा’ नसतो. अभिलेखपालासाठी तो पुरावा असतो.

महाराष्ट्राचा संबंध काय?

थेट आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष पी. के. नायर यांच्या धडपडीमुळे तिथे पोहोचले. पुण्यातच जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी केंद्राने सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

अभिलेख आणि कोड यांची सांगड आपल्याकडेही नवी नाही. मुंबईचा ‘कॅम्प’, बेंगळुरूचा ‘ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ आणि बर्लिनचे प्रोग्रॅमर यांच्यासह काही गटांनी मिळून २००८ मध्ये ‘पॅड डॉट मा’ हा व्हिडीओ संग्रह सुरू केला. त्यात व्हिडीओच्या नेमक्या सेकंदाला टिपण जोडता येते. त्यामागचे ‘पॅन्डोरा’ सॉफ्टवेअर खुले आहे. त्याच धर्तीवर भारतीय चित्रपटांसाठी ‘इंडियनसिने डॉट मा’ उभे राहिले.

मग मागणी काय असावी?

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या डिजिटायझेशनच्या निविदांत ‘किती तास स्कॅन केले’ एवढाच निकष पुरेसा नाही. फाइल प्रकार खुला आणि प्रमाणित असावा. चेकसम ठरावीक काळाने तपासले जावेत आणि त्याचा अहवाल जाहीर व्हावा. प्रत दोन वेगळ्या शहरांत असावी. संग्रहालयाच्या कायम आस्थापनेवर सॉफ्टवेअर जाणणारी माणसे हवीत, कारण कंत्राट संपले की कंत्राटदार जातो, फाइल मात्र राहते. ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर हा डोलारा उभा आहे, त्याचे बरेचसे काम मोजकी माणसे, अनेकदा स्वयंसेवेने करतात. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो प्रकल्प लिहिले जातात आणि कपाटात पडतात. त्यातले काही हात या कामाला लावणे अवघड नाही.

घरच्या कॅसेटसाठी नियम सोपे आहेत. दुकानदाराकडून एमपी-४ घ्या, पण शक्य तितक्या वरच्या दर्जाची. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीला मूळ प्रत समजू नका. आणि डिजिटल झाली म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका. उद्या अधिक चांगले यंत्र हाती आले, तर परत जायला तीच एक जागा असेल.