अंदाजे किती?

२२ डिसेंबर हा गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२पासून हा राष्ट्रीय गणित दिन. शाळाशाळांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, त्यांची १७२९ या आकड्याची गोष्ट सांगितली जाते आणि पाढ्यांच्या स्पर्धा होतात. बक्षिसे नेहमीच्याच दोघातिघांना मिळतात, बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. गणिताच्या सणालाही गणित मोजक्याच मुलांचे राहते, ही आमची तक्रार आहे.

त्यापेक्षा चौथीच्या वर्गात चिंचोक्यांनी भरलेली काचेची बरणी ठेवावी आणि विचारावे, 'अंदाजे किती?' 'हजार!' कोणीतरी ओरडतोच. कोणी चाळीस म्हणतो, हशा पिकतो. 'तुला असं का वाटलं?' असे बाईंनी विचारले की खरा तास सुरू होतो. एक मुलगी तळाचा थर मोजते, असे किती थर बसतील ते बोटाने बरणीवर मापते. एरवी भागाकाराला फळ्याजवळ जायला कचरणारा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो, 'बाई, बरणी वर निमुळती आहे, तिथं कमी मावतील.' हजारवाला आपण होऊन खाली उतरतो. उत्तर कोणालाच ठाऊक नसल्याने हुशार आणि ढ ही वाटणी तेवढा वेळ तरी थांबते.

असे अनेकांचे अंदाज एकत्र केले तर? १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. खाटीक, शेतकरी, हौशे-नवशे, सगळ्यांनी चिठ्ठ्या भरल्या. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी त्यांतल्या ७८७ चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावल्या. मधोमधची चिठ्ठी होती १,२०७ पौंडांची, प्रत्यक्ष वजन भरले १,१९८. दर वेळी इतके जमेल असे नाही. पण वर्गातही प्रत्येकाने आधी गुपचूप पाटीवर आकडा लिहावा, मग सर्वांनी क्रमाने रांगेत उभे राहावे. मधल्या मुलाच्या पाटीवरचा आकडा तो वर्गाचा आकडा. तो ठरायला चाळीसवालाही लागतो, हजारवालाही.

मात्र जवळच्या आकड्याला बक्षीस ठेवू नये. मटका आणि अंदाज यांत फरक असलाच तर तो 'का?' या प्रश्नाचा. शिवाय चुकलेल्या आकड्यावर लाल शाई फिरते हे मुलांना पक्के माहीत असते, म्हणून ती आधी मोजतात आणि मग 'अंदाज'चा रकाना भरतात. सरकार पिकांची पैसेवारी, म्हणजे उत्पन्नाचा अंदाज, काढते तीसुद्धा आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि पीक कापणी प्रयोगांनंतर अंतिम. अंदाज सुधारण्याची सोय महसूल खात्यात आहे, चौथीच्या वहीत नाही.

गणित दिनाचे हार-तुरे आटोपल्यावर शाळेची खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाच वर्गात बोलवावे. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ हा नियम. आजच्या हजेरीला किती मापे काढायची आणि पोत्यातला तांदूळ किती दिवस पुरेल, हे त्या तराजू न लावता सांगतात. कसे, ते मुलांनी त्यांनाच विचारावे.