सोवळे पाणी, स्वच्छ पाणी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात टुवूम्बा नावाचे शहर आहे. बागांचे शहर म्हणून त्याची ख्याती. २००६ साली तिथे दुष्काळाने ठाण मांडले, धरणे आटत चालली. तेव्हा महापौर डाय थोर्ली यांनी एक योजना मांडली. शहराचे सांडपाणी आधुनिक पद्धतीने शुद्ध करावे, धरणात सोडावे आणि तिथून ते पुन्हा नळाला यावे. या पाण्याचा वाटा फार तर चौथाई असणार होता. २९ जुलै २००६ रोजी लोकांचा कौल घेतला गेला आणि शेकडा बासष्टच्या आसपास मते 'नको' अशी पडली. विरोधकांनी शहराच्या नावात विष्ठेसाठीचा एक बालिश इंग्रजी शब्द घुसडून टोपणनाव पाडले होते. ते तोंडी बसल्यावर रसायनशास्त्राचे अहवाल कोण वाचणार?

या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझे आयुष्य बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला गेले. माणसे आकडे पाहून निर्णय घेतात यावर माझा तेव्हापासूनच विश्वास नाही. मासळीबाजारातून आलेली, ओलसर, वास मारणारी नोट कॅशियर बोटाच्या चिमटीत धरायचा. तीच नोट दुसऱ्या दिवशी देवळाच्या दानपेटीत जायची, तेव्हा तिचा वास कोणाला यायचा नाही. पैशाचा मागचा प्रवास आपण विसरू शकतो. पाण्याचा मात्र विसरू शकत नाही.

का विसरू शकत नाही, याचा अभ्यास पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढले आणि लोकांना तो रस प्या म्हटले. जंतू नाहीत हे ठाऊक असूनही लोक नको म्हणाले. एकदा शिवले ते कायमचे शिवले, असा मनाचा कायदा आहे. पुढे २०१५ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी पुनर्वापराच्या पाण्याबद्दल अमेरिकनांना विचारले, तेव्हा निम्मे लोक प्यायला तयार होते, शंभरातले तेरा काही केल्या तयार नव्हते, उरलेले कुंपणावर. गंमत अशी की, तेच पाणी मध्ये नदीतून वाहून आले किंवा जमिनीत मुरून आले असे सांगितले, की मन बरेच निवळते. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी जमिनीत मुरवतात आणि मग विहिरींतून उपसतात. माणसाच्या यंत्रावर नाही, पण मातीवर आपला विश्वास असतो.

आता आपल्या घरात येऊ. आमच्या सोसायटीत एक विक्रेता आला होता, सोबत दोन सळ्या लावलेले छोटे यंत्र. नळाच्या पाण्यात सळ्या बुडवून त्याने वीज सुरू केली. मिनिटभरात पाणी तपकिरी, मग काळपट. जमलेल्या बायकांच्या तोंडून 'अगंबाई!' निघाले. त्याच्या फिल्टरचे पाणी मात्र जसेच्या तसे. तो गाळ पाण्यातला नव्हताच. सळईचे लोखंड विजेने विरघळून गंजत होते. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून वीज वाहते. क्षार काढलेल्या पाण्यात जवळजवळ वाहत नाही, एवढाच खेळ. मी हे सांगितले तेव्हा लोकांनी माझ्याकडे दयेने पाहिले. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत चार आरओ लागले. यवतमाळ, चंद्रपूरकडे ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, तिथे अशा यंत्राला अर्थ आहे. मुंबईला भातसा-वैतरणेचे पाणी येते, त्यात क्षार मुळातच कमी. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते. तरी स्वयंपाकघरात ते यंत्र गुणगुणते आणि जेवढे पाणी देते त्याहून जास्त मोरीत सोडते.

याच आरओचा पडदा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांतही असतो. भिंतीवरच्या डब्यात बसला तर तो कुटुंबाचा रक्षक; महापालिकेने बसवला तर शी!

उलट ज्या उपायाने खरोखर जीव वाचतात, त्याच्याशी आपले जमत नाही. ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल पावडर टाकतो. पाण्याला वास येतो, म्हणून बायका पुन्हा जुन्या विहिरीवर जातात; तिथले पाणी 'गोड' असते. कॉलरा, कावीळ यांना चव नसते.

आपल्याकडे या घृणेत आणखी एक धागा मिसळलेला आहे आणि त्याचे नाव टाळण्यात अर्थ नाही. शुद्ध आणि स्वच्छ हे शब्द आपण एका अर्थाने वापरतो, पण आपल्या मनात ते वेगळे आहेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून. जंतूंच्या हिशेबाने पाहिले तर तळे त्या शुद्धीनंतर अधिक घाण झाले असणार. तो हिशेब कोणी करतच नव्हते. फार जुने म्हणावे तर सत्तरच्या दशकात माझ्या एका शाखेत राखीव जागेवर नवा अधिकारी आला आणि आठ दिवसांत तिघे जण घरून पाण्याची बाटली आणू लागले. कारण विचारले तर, 'पोटाची तक्रार.' माठ तोच, पाणी तेच. उद्या शहराचे सांडपाणी शुद्ध करून नळाला आणायचे म्हटले, तर कोणाकोणाच्या घरचे पाणी त्यात आले, हा प्रश्न उघडपणे विचारला जाणार नाही. पोटाच्या तक्रारी मात्र वाढतील.

खरे तर हे पाणी आपण पितोच आहोत. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले, काही तसेच, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. तीच भीमा पंढरपुरात वळते तेव्हा चंद्रभागा होते आणि वारकरी तिचे तीर्थ घेतो. त्याच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला पुणेकराबद्दल म्हणायचे आहे, जो संडासाची साखळी ओढतो आणि 'सांडपाण्याचे पाणी प्यायचे? कल्पनाच करवत नाही' असे म्हणतो. सोलापूरकराला कल्पना करावी लागत नाही.

सिंगापूरने हा डोंगर ओलांडला. मलेशियाकडून येणाऱ्या पाण्यावर कायम अवलंबून राहायचे नाही, हे तिथे राष्ट्राभिमानाचे प्रकरण झाले. ९ ऑगस्ट २००२ च्या राष्ट्रीय दिनी पंतप्रधान गोह चोक टोंग आणि हजारो नागरिक यांनी 'न्यूवॉटर'च्या बाटल्या उंचावून एकत्र पाणी प्याले. सरकारी भाषेतून 'सांडपाणी' जाऊन 'वापरलेले पाणी' आले. यातले बरेचसे पाणी कारखान्यांना जाते, थोडे जलाशयात मिसळते, हेही सांगितले पाहिजे. नामिबियाची राजधानी विंडहूक तर १९६८ पासून असे पाणी पिते. अर्थात १९६८ साली तिथे दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांचे राज्य होते आणि बहुसंख्य जनतेला कोणी विचारले नसणार. टुवूम्बाने निदान विचारले.

आपल्याकडे नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. चांगलेच आहे. त्या विजेवर कोणाकोणाच्या घरचे आरओ चालत असतील. पण यंत्राला पाजणे आणि माणसाला पाजणे यांत अंतर आहे, आणि ते केवळ किळसेचे नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारीचे रुग्ण वाढू लागले आणि संशय पाण्यावर गेला. ज्यांना विहिरीचे पाणी नीट राखता येत नाही, ते गटाराचे नीट राखतील का, असे कोणी विचारले तर त्याला अंधश्रद्ध म्हणता येणार नाही. ठेवीदार बँकेच्या दारात रांग लावतात तेव्हा ताळेबंद दाखवून ती हटत नाही, काउंटरवर रोकड मोजून द्यावी लागते. पाण्याच्या बाबतीत ती रोकड म्हणजे तपासणीचे आकडे: रोजचे, वॉर्डावार, मराठीत, पाण्याच्या टाकीबाहेर फलकावर लावलेले, आणि बिघडले त्या दिवशी 'आज बिघडले' असे लिहिलेले. माझ्या वॉर्डात असा फलक नाही. मी दोनदा अर्ज केला. पोच मिळाली आहे.